पॉवरलाइनवरून नॅस आणि टीव्ही: आधी तार मोजा, मग चित्रपट लावा

पॉवरलाइन अडॅप्टरची जोडी (घरातल्या विजेच्या तारेतून नेटवर्क नेणारी), नॅस (नेटवर्कला जोडलेली डिस्कची पेटी) आणि मीडिया सर्व्हर (त्यातले चित्रपट टीव्हीला पुरवणारा प्रोग्राम) ही तिन्ही कामं बहुतेक जण एकाच दिवशी उरकतात. रात्री टीव्हीवर चित्रपट अडखळायला लागला की नेमकं कोण अडवतंय ते कळत नाही. मग सर्व्हरची सेटिंग बदलून बघायची, टीव्हीवरचं अॅप काढून पुन्हा टाकायचं, शेवटी नॅसलाच नावं ठेवायची. दोष बऱ्याचदा सॉकेटमध्ये असतो आणि शोध मेनूत चाललेला असतो.

म्हणून खालचा क्रम सोडू नका. आधी विजेच्या तारेतून खरंच किती वेग मिळतो ते मोजायचं, मग साठवणीची व्यवस्था लावायची, टीव्ही सगळ्यात शेवटी. एका टप्प्याची तपासणी पार पडल्याशिवाय पुढच्या टप्प्याला हात लावू नका.

१. खरेदीआधीचा हिशोब

नेटवर्कचा वेग मेगाबिटमध्ये सांगतात आणि फाइलचा आकार मेगाबाइटमध्ये. ८ बिट म्हणजे १ बाइट. १०० मेगाबिटच्या जोडणीतून सेकंदाला फार तर १२ मेगाबाइट सरकतात. हा भागाकार डोक्यात पक्का बसला की पुढची अर्धी फसगत टळते.

आता गरज किती ते पाहू. डीव्हीडीच्या दर्जाच्या व्हिडिओला १० मेगाबिट पुरतात. ब्लू-रेवरून जशीच्या तशी उतरवलेली फाइल जास्तीत जास्त ५० च्या आसपास जाते. ४के ब्लू-रेची मूळ फाइल मात्र काही प्रसंगांत १०० ओलांडते, कमाल मर्यादा १२८ मेगाबिट. इंटरनेटवरून येणारं ४के साधारण १५ ते २५ मेगाबिटमध्ये भागतं. म्हणून 'ऑनलाइन ४के छान चालतं, मग घरातली फाइल का अडखळते?' या प्रश्नाचं उत्तर बहुधा त्या दोन फाइलींच्या वजनातच असतं.

अडॅप्टरच्या खोक्यावरच्या आकड्यावर हिशोब बांधू नका. १२०० किंवा २००० हा आकडा तारेवरच्या कच्च्या सिग्नलचा सैद्धांतिक वेग असतो. त्यात दुरुस्तीचा आणि नियंत्रणाचा डेटाही धरलेला असतो, आणि तो जाण्यायेण्यात वाटला जातो. १२०० लिहिलेल्या जोडीतून प्रत्यक्ष फाइलीला १०० ते ३०० मेगाबिट मिळाले तर वायरिंग चांगलं आहे असं मी धरतो.

विकत घेताना तीन गोष्टी पाहा:

- अडॅप्टरचा लॅन पोर्ट गिगाबिट आहे का? ५०० किंवा ६०० लिहिलेल्या अनेक अडॅप्टरांचा पोर्ट फक्त १०० मेगाबिटचा असतो. तार कितीही चांगली असली तरी त्यापुढे काही जात नाही.
- दोन्ही अडॅप्टर एकाच मानकाचे आहेत का? होमप्लग एव्ही२ आणि जी.एचएन हे वेगळे घराणे आहेत, ते एकमेकांशी बोलत नाहीत. जुन्या जोडीत नवा अडॅप्टर घालायचा असेल तर हे आधी बघा.
- पिना किती आहेत? एव्ही२ आणि जी.एचएनचे वरच्या श्रेणीतले अडॅप्टर फेज आणि न्यूट्रलबरोबर अर्थिंगची तारही सिग्नलसाठी वापरतात. त्यांना तीन पिनांचा, खरोखर अर्थिंग असलेला सॉकेट लागतो. अर्थिंग नसेल तर ते चालतात, पण खोक्यावरच्या आकड्याचा आधारच जातो.

इशारा: अर्थिंग आहे की नाही हे सॉकेट उघडून स्वतः पाहू नका. ते इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या.

२. नॅस कुठे ठेवायचा

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. नॅसचा आवाज नको म्हणून तो आतल्या खोलीत ठेवतात, टीव्ही बाहेरच्या खोलीत, राउटर तिसरीकडे, आणि तिघांना तीन अडॅप्टर. मांडणी दिसायला सुटसुटीत दिसते, पण पॉवरलाइन हे सामायिक माध्यम आहे. घरातले सगळे अडॅप्टर एकाच तारेवर आळीपाळीने बोलतात. एक बोलत असताना बाकीच्यांनी थांबायचं. टीव्हीवर चित्रपट चालू असताना कुणी लॅपटॉपवरून नॅसवर फोटो चढवायला घेतले की दोघंही त्याच वेगातून वाटा मागतात.

नॅस राउटरशेजारी ठेवा आणि साध्या लॅन केबलने थेट राउटरच्या गिगाबिट पोर्टला जोडा. पॉवरलाइनचा टप्पा फक्त राउटर ते टीव्ही एवढाच ठेवा. मग कॉपी, बॅकअप, मोबाइलचे फोटो हा सगळा जड कारभार केबल आणि वायफायवरून होतो, आणि विजेच्या तारेवर फक्त चित्रपट राहतो.

फरक किती पडतो? १ टेराबाइट डेटा सेकंदाला १२ मेगाबाइटने हलवायला सुमारे २३ तास लागतात. गिगाबिट केबलवरून ११० मेगाबाइटच्या वेगाने तेच काम अडीच तासांत होतं. म्हणून पहिली मोठी भरणी नेहमी केबलवरून करा. नॅस पुढे दुसरीकडे हलवायचाच असेल तरीही.

केबल निदान कॅट ५ई घ्या. गिगाबिटला केबलमधल्या चारही जोड्या लागतात. एखादी तार तुटली तरी जोडणी बऱ्याचदा चालू राहते, फक्त गुपचूप १०० वर उतरते, आणि ते कुणाच्या लक्षात येत नाही.

तपासणी: राउटरच्या किंवा नॅसच्या पानावर जोडणीचा वेग १००० दिसतो का? १०० दिसत असेल तर केबल बदला.

३. सॉकेटची निवड

पॉवरलाइनचा सिग्नल विजेच्या तारेवर साधारण २ मेगाहर्ट्झपासून वर चालतो. एव्ही२ मध्ये तो ८६ पर्यंत जातो, जी.एचएनमध्ये १०० पर्यंत. स्पाइक बस्टर आणि यूपीएस यांच्या आतली गाळणी अशी उच्च वारंवारता बऱ्याचदा गाळून टाकते. म्हणजे तुमचा सिग्नल त्यांच्या दृष्टीने कचरा ठरतो. म्हणून:

- अडॅप्टर थेट भिंतीतल्या सॉकेटमध्ये लावा. एक्स्टेन्शन बोर्ड नको, स्पाइक बस्टर नको.
- नॅसला यूपीएस हवाच, पण त्याच यूपीएसमध्ये अडॅप्टर लावू नका. नॅस यूपीएसवर, अडॅप्टर भिंतीवर. हे दोन वेगळे सॉकेट आधीच हेरून ठेवा.
- दोन्ही सॉकेट एकाच मीटरमागे आणि शक्यतो एकाच फेजवर असावेत. तीन फेजच्या जोडणीत एक खोली एका फेजवर आणि दुसरी दुसऱ्यावर असेल तर सिग्नल पोहोचतो, पण अंग चोरून. इन्व्हर्टरवर चालणारं सर्किट आणि थेट वीज असलेलं सर्किट अशी जोडीही टाळा.
- मध्ये जितके ब्रेकर येतील तितकी गळती वाढते. आर्क-फॉल्ट ओळखणारे ब्रेकर तर फार त्रास देतात.
- शेजारच्या सॉकेटमध्ये मोबाइलचा चार्जर, स्वस्त एलईडीचा ड्रायव्हर, डिमर किंवा मिक्सरसारखी ब्रशवाली मोटर नको. हे सगळे तारेवर गोंगाट करतात.

सॉकेट एकच असेल तर पुढे सॉकेट असलेला अडॅप्टर घ्या आणि बाकीची उपकरणं त्याच्या पोटातून जोडा. अशा अडॅप्टरात आतच गाळणी असते, त्यामुळे मागच्या उपकरणांचा गोंगाट तारेवर येत नाही. मात्र त्यावर किती अँपिअर चालतात ते वाचा. हीटर, इस्त्री असलं काही तिथे लावू नका.

चार्जरबद्दल मला स्वतःला धडा मिळाला आहे. दोन संध्याकाळी मी मीडिया सर्व्हरशी झटत होतो, आणि व्हिडिओ अडखळायचा तो फक्त रात्रीच. शेवटी लक्षात आलं की टीव्हीमागच्या बोर्डावर रात्रीच एक मोबाइल चार्जिंगला लागायचा. चार्जर दुसऱ्या खोलीत नेला आणि वेग जवळपास दुप्पट झाला. तेव्हापासून 'कधी' अडखळतं हा प्रश्न मी पहिला विचारतो.

४. जोडी जुळवणं

पहिली जुळवणी दोन्ही अडॅप्टर एकाच खोलीत, शेजारशेजारच्या सॉकेटमध्ये लावून करा. खोली बदलल्यावर काही बिनसलं तर दोष तारेचा आहे, जुळवणीचा नाही, हे मग पक्कं माहीत असतं.

१. दोन्ही अडॅप्टर लावा, दिवे स्थिर होऊ द्या.
२. एकाचं पेअर बटण एक-दोन सेकंद दाबून सोडा. दिवा लुकलुकायला लागेल.
३. दोन मिनिटांच्या आत दुसऱ्याचं बटणही तसंच दाबा.
४. दोन्हीकडचा पॉवरलाइनचा दिवा स्थिर झाला की जोडी जुळली.
५. आता एक राउटरजवळ न्या, दुसरा टीव्हीजवळ. पुन्हा जुळवावं लागत नाही.

इशारा: बटण दहा-पंधरा सेकंद धरून ठेवलं तर अनेक मॉडेल जोडीची गुप्त किल्ली विसरतात आणि अडॅप्टर जाळ्यातून बाहेर पडतो. 'नीट दाबलं जाऊ दे' म्हणून बटण रेटून धरणारे इथेच अडकतात.

अडॅप्टर खोक्यातून निघताच एकमेकांना ओळखत असले तरी पेअर बटण दाबाच. होमप्लग अडॅप्टरांची कारखान्यातली किल्ली सगळ्यांची सारखी असू शकते, आणि सिग्नल मीटरपाशी हमखास थांबेलच असं नाही. शेजाऱ्यांचा तसाच अडॅप्टर तुमच्या जाळ्यात येऊ शकतो. बटण दाबलं की तुमच्या जोडीची वेगळी किल्ली तयार होते आणि संवाद १२८ बिटच्या एईएस कुलुपात जातो.

फोनच्या तारेवरून व्हीडीएसएल इंटरनेट येत असेल तर राउटर आणि त्याची फोन केबल अडॅप्टरपासून जरा लांब ठेवा. दोघांच्या वारंवारता एकमेकींवर येतात, आणि इंटरनेट तुटायला लागल्यावर कुणाचाच संशय अडॅप्टरवर जात नाही.

५. मोजणी: ही पायरी गाळायची नाही

इंटरनेटची स्पीड टेस्ट इथे उपयोगाची नाही. ती तुमच्या इंटरनेटचा वेग सांगते, भिंतीतल्या तारेचा नाही. अडॅप्टर कंपनीच्या अॅपमधला आकडाही कच्च्या सिग्नलचा असतो. दोन सॉकेटांची आपसात तुलना करायला तो चांगला, पण प्रत्यक्ष वेग त्याच्या निम्मा किंवा त्याहूनही कमी धरा.

खरी मोजणी आयपर्फ३ या मोफत प्रोग्रामने होते. तो एका संगणकावर सर्व्हर म्हणून चालवायचा, दुसऱ्यावर क्लायंट म्हणून.

१. आधी दोन्ही संगणक राउटरला थेट केबलने जोडून मोजा. ९०० च्या वर आकडा यायला हवा. नाही आला तर संगणकाचा पोर्ट किंवा केबल बघा, अजून पॉवरलाइनपर्यंत गेलाच नाहीत.
२. आता एक लॅपटॉप टीव्हीच्या जागी नेऊन अडॅप्टरला केबलने जोडा आणि त्याचं वायफाय बंद करा. वायफाय चालू राहिलं तर तुम्ही वायफायच मोजत बसाल. ही चूक फार जण करतात.
३. किमान एक मिनिट मोजा, दोन्ही दिशांनी. दिशेनुसार आकडे बरेच वेगळे येऊ शकतात. तुम्हाला महत्त्वाची दिशा राउटरकडून टीव्हीकडची.
४. हीच मोजणी संध्याकाळी पुन्हा करा, दिवे, पंखे आणि स्वयंपाकघर चालू असताना.
५. आजूबाजूचे दोन-तीन सॉकेट बदलून बघा. आकडे कागदावर लिहून ठेवा.

निवाडा सगळ्यात वाईट आकड्यावर करायचा, सरासरीवर नाही. संध्याकाळचा नीचांक ८० असेल तर ब्लू-रेच्या फाइली निर्धास्त चालतील, ४के ची मूळ फाइल अडेल. ४० असेल तर हलक्या केलेल्या फाइलींवर समाधान मानावं लागेल. २० च्या खाली गेला तर दुसरा सॉकेट शोधा, नॅसचं खोकं इतक्यात उघडू नका.

तपासणी: लॅपटॉपवरून राउटरला पाच मिनिटं पिंग (उत्तर किती वेळात येतं ते मोजणारी आज्ञा) चालू ठेवा. काही मिलिसेकंदांचं उत्तर सतत यावं. मध्येच शंभराच्या वर उड्या किंवा हरवलेली पाकिटं (डेटाचे तुकडे) दिसली तर जवळपासचं एकेक उपकरण बंद करून गोंगाट कुठून येतो ते हुडका.

६. नॅस उभा करणं

दोन डिस्कचा नॅस घेतलात तर मिरर, म्हणजे रेड १, निवडा. एक डिस्क गेली तरी डेटा राहतो. पण मिरर म्हणजे बॅकअप नाही. चुकून पुसलेली फाइल दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी पुसली जाते. घरचे फोटो आणि कागदपत्रं यांची एक प्रत वेगळ्या डिस्कवर आणि एक घराबाहेर असलीच पाहिजे. चित्रपट परत मिळवता येतात, फोटो मिळत नाहीत.

डिस्क घेताना सीएमआर प्रकारची घ्या. एसएमआर डिस्क स्वस्त पडतात, पण मिरर पुन्हा बांधायची वेळ आली की लिहिण्याचा वेग फार मंदावतो. राउटरच्या यूएसबी पोर्टला नुसती डिस्क लावणार असाल तर ती फॅट३२ मध्ये फॉरमॅट केलेली नाही ना ते पाहा. फॅट३२ मध्ये ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही, आणि कॉपी मध्येच का थांबली हे कळत नाही.

पत्ता कायमचा करा. नॅसला राउटरच्या डीएचसीपी (उपकरणांना पत्ते वाटणाऱ्या) यादीत आरक्षण द्या, म्हणजे त्याचा आयपी पत्ता वीज गेल्यावर बदलणार नाही. 'काल दिसत होता, आज दिसत नाही' यामागे पुष्कळदा एवढंच असतं.

७. फोल्डर आणि खाती

फोल्डर दोनच मोठे करा: एक चित्रपट-मालिकांचा, एक खासगी. मीडिया सर्व्हरसाठी वेगळं खातं बनवा आणि त्याला पहिल्या फोल्डरवर फक्त वाचण्याची परवानगी द्या. टीव्हीवर रिमोट घेऊन खेळणाऱ्या लहान मुलाच्या हातून काही पुसलं जायला नको. घरच्यांना रोजच्या वापरासाठी प्रशासकाचा पासवर्ड देऊ नका.

शेअरिंगसाठी एसएमबी (नेटवर्कवरून फोल्डर उघडण्याची पद्धत) पुरेसं आहे, पण त्याची पहिली आवृत्ती बंद ठेवा. २०१७ मध्ये वॉनाक्राय खंडणी-व्हायरस याच जुन्या आवृत्तीतल्या भगदाडातून पसरला होता. एखादा जुना मीडिया प्लेअर तीच आवृत्ती मागत असेल तर प्लेअर बदला.

इशारा: घराबाहेरून चित्रपट बघता यावा म्हणून राउटरवर एसएमबीचा ४४५ क्रमांकाचा पोर्ट उघडू नका. बाहेरून यायचंच असेल तर व्हीपीएन (घरच्या नेटवर्कपर्यंतची कुलूपबंद वाट) वापरा.

८. मीडिया सर्व्हर आणि टीव्ही

जेलिफिन, प्लेक्स, किंवा नॅसमधला साधा डीएलएनए सर्व्हर, यांपैकी एकच चालू करा. तिन्ही एकदम चालू ठेवले तर तिघंही सगळ्या डिस्कची छाननी करत बसतात आणि नॅस दिवसभर खडखडतो.

फाइलींची नावं आधी नीट करा. प्रत्येक चित्रपटाला स्वतःचा फोल्डर, त्यावर चित्रपटाचं नाव आणि कंसात वर्ष. मालिकेच्या फाइलीत सीझन आणि भागाचे दोन-दोन अंकी क्रमांक. आधी दहाच फाइली टाकून सर्व्हर त्या बरोबर ओळखतो का पाहा. हजार फाइली टाकून मग नावं दुरुस्त करणं जिवावर येतं.

आता टीव्हीवर एक फाइल लावा आणि सर्व्हरच्या पानावर बघा: 'डायरेक्ट प्ले' लिहिलंय की 'ट्रान्सकोड'? डायरेक्ट प्लेमध्ये फाइल जशीच्या तशी जाते, नॅसला कष्ट नाहीत. ट्रान्सकोडमध्ये नॅस ती चालता चालता नव्याने बनवतो, आणि लहान नॅसचा प्रोसेसर ४के ला पुरा पडत नाही. ट्रान्सकोडची नेहमीची कारणं तीन. टीव्हीला फाइलीतला आवाजाचा प्रकार कळत नाही. ब्लू-रेमधली चित्ररूप सबटायटल चित्रावर उमटवावी लागतात. किंवा अॅपमध्ये दर्जाची मर्यादा कुणीतरी खाली ठेवलेली असते. सबटायटल बंद करून बघा, शक्य असेल तिथे मजकुराच्या वेगळ्या फाइली वापरा.

टीव्हीच्या लॅन पोर्टबद्दल एक गोष्ट. बहुतेक टीव्हींचा पोर्ट आजही १०० मेगाबिटचाच असतो. पॉवरलाइन १५० देत असली तरी टीव्ही १०० च्या आतच घेणार. जड ४के फाइलींसाठी गिगाबिट पोर्टचा वेगळा प्लेअर लागतो.

टीव्हीला नॅस दिसतच नसेल तर दोन गोष्टी तपासा. तिकडच्या टोकाला जुना राउटर लावलाय का? त्याचं डीएचसीपी चालू असेल तर टीव्हीला वेगळ्याच जाळ्यातला पत्ता मिळतो. तो राउटर अॅक्सेस पॉइंट मोडवर टाका, किंवा डीएचसीपी बंद करून केबल वॅनऐवजी लॅन पोर्टमध्ये लावा. दुसरं, टीव्ही किंवा फोन पाहुण्यांच्या वायफायवर आहे का? ते जाळं मुद्दाम वेगळं ठेवलेलं असतं.

इशारा: टीव्हीकडचा स्विच पॉवरलाइनने आणि शिवाय दुसऱ्या केबलने अशा दोन वाटांनी राउटरला जोडू नका. पाकिटं गोल गोल फिरत राहतात आणि सगळ्या घराचं नेटवर्क बसतं.

९. तरीही अडखळलं तर

याच क्रमाने जा, मधली पायरी गाळू नका.

१. तीच फाइल पेन ड्राइव्हवर टाकून टीव्हीला लावा. तिथेही अडखळली तर दोष फाइलीचा किंवा टीव्हीचा. नेटवर्कला हात लावू नका.
२. सर्व्हरच्या पानावर ट्रान्सकोड चालू आहे का बघा.
३. त्या वेळी नॅसवर बॅकअप किंवा छाननी चालू होती का? ती कामं पहाटेवर टाका.
४. टीव्हीच्या सॉकेटवर पुन्हा आयपर्फ३ लावा आणि पाचव्या टप्प्यात लिहिलेल्या आकड्याशी ताडून पाहा. आकडा घसरला असेल तर त्यानंतर घरात कोणतं उपकरण नवं आलं ते आठवा.
५. सुरुवातीलाच अडखळून मग सुरळीत चालत असेल तर अडॅप्टरची वीज-बचत किंवा नॅसच्या डिस्कची झोप कारणीभूत असते. टीव्ही बंद झाला की अडॅप्टर झोपतो आणि जागा व्हायला वेळ घेतो. त्या सेटिंग बदला.
६. अडॅप्टर हाताला फार गरम लागतोय का? तो पडद्यामागे किंवा कपाटामागे कोंडलेला असेल तर मोकळा करा.

सगळे सॉकेट फिरून झाले, चार्जर हलवले, आणि संध्याकाळचा आकडा तरीही ३० च्या वर जात नसेल, तर महागडा अडॅप्टर आणू नका. त्या वायरिंगवर तोही फार पुढे जाणार नाही. भिंतीत टीव्हीची कोएक्स केबल आधीच असेल तर मोका अडॅप्टर (कोएक्सवरून नेटवर्क नेणारा) लावून बघा. नसेल तर राउटर आणि टीव्ही यांच्यातलं अंतर भिंतीच्या कडेकडेने मोजा, चार-पाच मीटर जास्त धरा, आणि तेवढी कॅट ६ केबल पट्टीतून ओढून घ्या.